गोव्याचे पायलट

गोव्यात प्रथमच येणाऱ्या पाहुण्याच्या कानी बसस्थानकाबाहेर ‘पायलट, पायलट’ अशी हाक पडली, म्हणजे तो क्षणभर बुचकळ्यात पडतो. हा पायलट विमान चालवीत नाही. काळी मोटारसायकल, तिचे पुढचे पिवळे मडगार्ड आणि मागे एका उतारूची बैठक, एवढाच त्याचा सरंजाम. दुचाकीवर उतारू बसवून भाडे घेण्याची चाल इतर प्रांतांतील शहरांत मोबाईलमुळे अलीकडे आली. गोव्यात मात्र सरकारी परवाना घेऊन हा धंदा करणारी माणसे कित्येक दशकांपासून आहेत. पणजी, म्हापसे, मडगाव येथील नाक्यांवर ती आजही उभी दिसतात.

मोटारसायकल हा तरुणांचा केवळ षौक आहे, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. वाऱ्याशी शर्यत लावण्याचा मोह तरुण रक्ताला होतो, हे आम्हांस नाकारावयाचे नाही. परंतु गोव्याच्या भूमीकडे थोडे निरखून पाहिले, तर या वाहनाची निवड माणसांनी केली त्याहून अधिक येथील नद्यांनी आणि वाटांनी केली, असे आम्हांस वाटते.

दिवाडी बेटाचेच उदाहरण घ्या. मांडवीच्या पात्रातील या बेटावर जुन्या गोव्याहून जावयाचे, तर फेरीबोटीवाचून गत्यंतर नाही. सणासुदीला धक्क्यावर मोटारगाड्यांची रांग लागते आणि एका खेपेत त्यांतल्या थोड्याच बोटीवर चढतात. दुचाकीस्वार मात्र कडेकडेने पुढे सरकतो व दोन गाड्यांमधील वीतभर जागेत उभा राहतो. पलीकडे उतरताच बांधालगतच्या अरुंद रस्त्याने तो घरी पोहोचलेलाही असतो. उलट, पणजीजवळ २०१९ साली खुल्या झालेल्या अटल सेतूवर दुचाकीला मज्जाव आहे. तेथे तिला जुन्याच पुलांची वाट धरावी लागते.

वाड्यांची गोष्ट तीच. बस हमरस्त्यावर सोडते आणि घर असते चढण चढून, माडांच्या आड, मैलभर आत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुके मासे, केळी आणि चोरिसांची माळ घेऊन परतणारी म्हातारी ती चढण कशी चढणार? ती पायलटाच्या मागे एका अंगाने बसते, पिशव्या मांडीवर घेते आणि ‘पुता, सवकास’ म्हणून बजावते. तिचे घर कोणते, हे त्याला विचारावे लागत नाही.

तिसरे कारण संसाराचे. शंभर-सव्वाशे सीसीची मोटारसायकल एका लिटर पेट्रोलात पन्नास किलोमीटरांच्या आसपास जाते. ती हप्त्याने मिळते, अंगणात मावते आणि मुलाला कामावर, मुलीला महाविद्यालयात वेळेवर पोहोचविते. म्हणूनच आज गोव्यात घरोघरी दुचाकी आली आहे.

आणि येथेच पायलटाचे दुर्दैव आहे. ज्या कारणांनी त्याच्या धंद्याला जन्म दिला, त्याच कारणांनी त्याचे गिऱ्हाईक घटविले. ज्याला स्वतःला चालविता येते, तो आता त्याच्याकडे येत नाही. पर्यटकही भाड्याची स्कूटर घेतो. उरली ती म्हातारी, आजारी माणसे आणि वाट न ठाऊक असलेला परका. हा व्यवहार तोट्याचा खरा. पण नाक्यावरचा शेवटचा पायलट घरी बसला, तर त्या म्हातारीची चढण कोण चढविणार? ज्यांच्या अंगणात दुचाकी उभी आहे, त्यांनी शेजारच्या वृद्धांसाठी याचे उत्तर आजच शोधावयास हवे.

दुसरी गोष्ट जिवाची. भारतात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. गोव्यात जूनपासून पाऊस कोसळू लागला, की लाल मातीचा चिखल डांबरावर पसरतो आणि वळणावर चाक निसटते. डोक्यावर हेल्मेट नसेल, तर कायद्याने एक हजार रुपये दंड आहे. मागे बसणाऱ्यासही हेल्मेट आवश्यक आहे. परंतु दंडाच्या भीतीने घातलेले हेल्मेट पोलीस दिसेनासा होताच आरशावर लटकते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

तेव्हा, वाचकहो, आपल्या मुलाने मोटारसायकल मागितली, तर त्याला एकदम दटावू नका. त्याचे कारण ऐका. बहुधा ते रास्तच असेल. मात्र गाडीबरोबर दोन चांगली हेल्मेटे घ्या, एक त्याच्यासाठी आणि एक मागे बसणाऱ्यासाठी. आणि बाजाराच्या दिवशी ती मागची बैठक शेजारच्या म्हातारीला द्यावयास त्याला शिकवा.