पऱ्हाटीच्या शेजारची भेंडी

दारव्हा, २०२४

२८ मे
नवतपा सुरू आहे. पारा ४४ च्या वर. सांदवाडीतली काळी माती अशी भेगाळली आहे की भेगेत हात जातो. टोमॅटोला अजून फुलं येतात, पण देठाशी पिवळी पडून गळतात. दिवसाचं तापमान ३५ अंशांपुढे गेलं आणि रात्रीही हवा निवली नाही की पराग निकामी होतो. मग कितीही पाणी घाला, फळ धरत नाही. त्याचं पाणी आजपासून बंद केलं.
मुनग्याला पाणी द्यावं लागत नाही. मोरीचं सांडपाणी चमकोऱ्याला पुरतं. राहिली वांगी. त्यांच्या बुडाशी तुरीचं कुटार अंथरलं आहे. पाणी दिवस मावळल्यावरच. यवतमाळची बहीण तर तांदूळ धुतलेलं पाणीही कुंडीतच ओतते. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, तेव्हा टँकरच्या रांगेत लागलेली सवय.

७ जून, मिरग
आभाळ भरून आलं आणि चार थेंब शिंपडून गेलं. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "एवढ्यात टोबू नोको वं बाई. जमीन वीतभर ओली होऊ दे."
शेतात सरकीलाही हाच नियम. तिथे घाई केली तर दुबार पेरणी कपाळी येते.
टोबायचं नाही म्हणून हात रिकामे नाहीत. काळी माती पाणी धरून ठेवते. आता तो तिचा गुण वाटतो, पण ऑगस्टच्या झडीत त्याच पाण्यात मुळं कुजतात. म्हणून शेणखत मिसळून वीतभर उंच गादीवाफे केले. कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा आहे. गर काढून त्या सावलीत वाळत घातल्या, ऑगस्टमध्ये लागतील.

२४ जून
ओल खोल गेली. भेंडी, बरबटी, अंबाडी टोबली. कडेला दोडकं, कारलं, काकडी. कोहळ्याचा वेल उकिरड्याजवळ, तिथून तो पसरेल तिकडे पसरो. मांडवाला गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या आणि बांबू.

१४ जुलै
झड लागली आहे. वाफ्यांत तोडण्यासारखं काही नाही, तरी भाजी आहे. मागच्या पडीक जागेत तरोटा उगवला. कोवळी पानं खुडून, लसूण-मिरची घालून केली. याला बी लागत नाही, खत लागत नाही. फक्त वेळेवर खुडायला हवं, पान जून झालं की संपलं.
बाजारात काटवलं आली. दर ऐकून घरचा वेल लावावासा वाटतो, पण काटवलाचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. एकटा वेल लावून भागत नाही. जंगलात ही सोय आपोआप असते, म्हणून ती वेचून आणणाऱ्या बायांना हा भाव मिळतो ते योग्यच.

६ ऑगस्ट
भेंडीच्या पानाखाली तुडतुडे, शेंड्यात अळी. कुंपणापलीकडे पऱ्हाटी कमरेएवढी झाली आहे. भेंडी, अंबाडी आणि कापूस ही एकाच कुळाची भावकी. त्यामुळे कीडही सामाईक. ठिपक्यांची बोंडअळी भेंडीच्या कोवळ्या शेंगेतही शिरते. पांढरी माशी आली तर शिरा पिवळ्या करणारा केवडा रोग आणते. म्हणून भेंडी लावली ती परभणी क्रांती. केवड्यापुढे ती बरीच टिकते.
रात्री लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीचं कूट भिजत घातलं. सकाळी गाळून, साबणाचं थोडं पाणी मिसळून संध्याकाळी फवारलं. पोखरलेले शेंडे खुडून टाकले.
पलीकडे शेतात फवारणी सुरू झाली की मी वारा पाहते. त्या बाजूची भाजी पुढचे काही दिवस तोडत नाही. २०१७ मध्ये कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. पंप पाठीवर घेणारा आजही बहुतेक वेळा तोंडाला दुपट्टाच बांधतो. माझ्या भेंडीची काळजी त्याच्यापुढे लहान आहे.

११ सप्टेंबर, महालक्ष्म्या
आज सोळा भाज्यांचा नैवेद्य. बाजारात सगळं महाग. घरात मोजायला बसले: भेंडी, बरबटी, अंबाडी, दोडकं, कारलं, काकडी, कोहळं, कोहळ्याची फुलं, चमकोरा, वांगी, मुनग्याचा पाला, मिरची. उरलेल्या विकत आणल्या.
आजेसासूबाई सांगायच्या, त्यांच्या वेळी या भाज्या शेतातून यायच्या. पऱ्हाटीच्या ओळींत भेंडी आणि बरबटी, धुऱ्याला अंबाडी. निंदताना बायांच्या ओट्यात संध्याकाळचं कोरड्यास जमायचं. मग आमच्या शेतात तणनाशक आलं. ते तरोट्याला ओळखत नाही आणि बरबटीलाही. शेतात पैशाचं पीक उरलं, भाजी पिशवीतून येऊ लागली. निंदणाऱ्या बायांची मजुरी गेली, आणि ओट्यातली भाजीही.

२७ ऑक्टोबर
कापसाची पहिली वेचणी सुरू. आता सांदवाडीत पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. टोमॅटोची रोपंही लावली, या थंडीत फुलं गळणार नाहीत.
भेंडीची सगळ्यात निरोगी झाडं तोडायची नाहीत म्हणून चिंधी बांधून ठेवली होती. त्यांच्या शेंगा वाळून तडकल्या. बी काढलं, राखेत घोळून बरणीत भरलं. या वर्षी सरकीचं ४७५ ग्रॅमचं पाकीट ८६४ रुपयांना होतं. ती सरकी संकरित, म्हणून पुढच्या जूनला पुन्हा दुकान गाठायचंच. भेंडीचं बी मात्र घरचं. काकूंना मूठभर दिलं, कापूस वेचायला येणाऱ्या दोघींनाही दिलं. त्यांच्याकडून वालाचं बी घेतलं. ते उद्याच टोबायचं आहे.