बाबांची वही

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीत मानोऱ्याला गेलो होतो. फडताळ आवरताना बाबांची बुद्धिबळाची वही हाती लागली. उन्हाळ्यात वीज गेली की ओट्यावर कंदील ठेवून आम्ही दोघं खेळायचो, आणि ते प्रत्येक डाव वहीत उतरवायचे. भाच्याने लगेच ठरवलं, या डावांचं कॉम्प्युटरसाठी ओपनिंग बुक करायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बुद्धिबळाचा प्रोग्रॅम सुरुवातीच्या चाली बहुतेकदा अशा पुस्तकात बघून खेळतो. आम्ही वापरलं फाबियां लेतूझे यांचं पॉलिग्लॉट. ते डाव वाचतं आणि चाल खेळणारा जिंकला तर २, बरोबरी झाली तर १, हरला तर ० असं मोजून चालीचं वजन काढतं. वजन जास्त, तर ती खेळली जाण्याची शक्यता जास्त. चाल चांगली की वाईट याच्याशी त्याला देणंघेणं नाही. निकाल तेवढा बघतं.

बाबांची एक लाडकी चाल होती. दोन्हीकडची राजापुढची प्यादी दोन-दोन घरं पुढे आली, पांढऱ्याने घोडा काढून काळ्या प्याद्यावर रोख धरला, की बाबा राजाच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवून त्याला जोर द्यायचे. हा दामियानोचा बचाव. गंमत म्हणजे पोर्तुगालच्या पेद्रो दामियानोने १५१२ साली छापलेल्या पुस्तकात ही चाल वाईटच ठरवली होती, आणि नाव चिकटलं त्याचंच! पांढरा घोडा सरळ ते प्यादं मारतो. प्याद्याने घोडा घेतला की वजिराचा शह, आणि मग काळ्या राजाची नुसती पळापळ. (घोडा न घेता वजीर राजापुढे आणला तर थोडं निभावतं. बाबा घोडा घ्यायचेच.)

आमच्या पुस्तकात या चालीचं वजन आलं २१. १४ डाव, १० विजय, १ बरोबरी. वजिराकडचा घोडा काढायच्या शहाण्या चालीचं वजन २.

आता खरं सांगतो. बाबा हरले त्या तिन्ही डावांत मी घोड्याने प्यादं मारलं होतं. तिसऱ्या वेळी ते काही न बोलता उठून गेले, रात्री जेवले नाहीत. त्यानंतर मी ते प्यादं मारणंच सोडलं. म्हणजे १० पैकी निम्मे तरी विजय मी दिलेले. बाबांना ते कळलं होतं का? वहीत तशी काही खूण नाही.

"मामा, हे चाल काढून टाकू काय?" भाच्याने विचारलं.

म्हटलं, काढू नको, वजन शून्य कर. मग प्रोग्रॅम स्वतः ती कधी खेळत नाही. पण पुस्तकात शोध घेतला जातो तो पटावरच्या स्थितीवरून, त्यामुळे समोरच्याने ती खेळली तर उत्तर तयार असतं. ते उत्तर आधीपासूनच तिथे होतं : घोड्याने प्यादं मार. वजन ६. तीन डाव, तिन्ही माझे.

रात्री भाच्याने पट मांडला, काळी सोंगट्या घेतल्या, आणि तेच प्यादं एक घर सरकवून माझ्याकडे बघत बसला.

मी प्यादं मारलं.