खिडकीसाठी पाचशे पौंड

सत्तरी ओलांडली की पेपर उघडल्यावर हात आधी निधनवार्तांकडे जातो. आमची ही त्यावरून रोज चिडवते. पण आज ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला जाऊन पाऊणशेहून जास्त वर्षं झाली.

डेव्हिड तास्मा. पोलंडहून आलेला ज्यू, लंडनमध्ये वेटर. वय चाळीस, कॅन्सर, जवळचं कुणी नाही. आपलं जगणं वाया गेलं ही खंत. त्याला भेटायला सिसिली सॉंडर्स यायच्या. आधी नर्स होत्या, तेव्हा इस्पितळात रुग्णांच्या घरच्या अडचणी बघायचं काम करत. दोघं बोलायचे काय, तर मरणाऱ्या माणसासाठी जागा कशी असावी! फेब्रुवारी १९४८ मध्ये तो गेला. त्या घरातली एक खिडकी माझी, म्हणून पाचशे पौंड त्यांच्या नावे ठेवून गेला. घराचा तेव्हा पत्ताच नव्हता. बाई पुन्हा शिकल्या, १९५७ साली डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं. एका खिडकीभोवती घर उभं राहायला एकोणीस वर्षं लागली.

हे आठवायचं कारण आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर. २०१६ साली यकृताच्या कॅन्सरने गेले. मृत्यू समोर दिसला की आयुष्याची किंमत कळते, असं लोक म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. दुखणं असह्य होतं तेव्हा सर भिंतीकडे तोंड करून पडून असत. चहा नको, माणूस नको. त्यात कसली आलीय किंमत?

मग एका डॉक्टरबाईंनी मॉर्फिन सुरू केलं. घरचे घाबरले, सवय लागेल म्हणून. (आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध मिळणंच जिकिरीचं झालं होतं, २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचं जंजाळ पुष्कळ कमी झालं.) बाईंनी समजावलं, कळ येण्याची वाट पाहायची नाही, घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायचं. सॉंडर्सबाईंचा आग्रहही हाच, वेळेवर द्या म्हणून.

चौथ्या दिवशी सरांनी खाट खिडकीशी सरकवायला लावली. बाहेर काय, तर गल्ली आणि समोर इस्त्रीवाल्याची टपरी. मी संध्याकाळी जायचो. "सर, तो पाणी कसं शिंपडतो बघा. मनगट बघा मनगट! माझ्या एकाही विद्यार्थ्याला रंगाचा असा शिडकावा जमला नाही." मग आम्ही दोघे तासभर इस्त्री बघत बसायचो. मी शब्दांचा माणूस, पण तिथे बोलावंसं वाटत नसे. कुणी धीर द्यायला आलं की सर म्हणत, "ते राहू द्या. मेथीची जुडी कितीला झाली ते सांगा."

शेवटच्या आठवड्यात बोलणं जवळजवळ थांबलं. एका सकाळी टपरी बंद होती. सरांनी वहिनींना खुणेनं जवळ बोलावलं आणि कसंबसं विचारलं, "तो आजारी तर नाही ना?"