इतकी वर्षं लावतेय, काही झालं नाही

कुंकवानं कपाळ खाजतं असं कुणी म्हणालं की माझं उत्तर ठरलेलं असे: नखरे आहेत सगळे! मी लग्नापासून लावतेय, बाधायचं असतं तर केव्हाच बाधलं असतं. त्र्यंबकेश्वरात राहून कुंकवाला, गंधाला बोल लावायचा म्हणजे काय?

हे मत मी सोडलं आहे. माझ्याच कपाळानं ते सोडायला लावलं. आधी भुवयांमध्ये लाल चट्टा, मग कोंड्यासारखे पापुद्रे, पुढे बरोबर कुंकवाच्या मापाचा काळपट डाग. मेडिकलमधून आणलेल्या मलमानं खाज लगेच थांबे. मलम बंद केलं की पुन्हा सुरू. त्यात स्टेरॉइड होतं. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा मलमांना सरकारनं 2018 मध्ये चाप लावला, पण मागितलं की अजूनही हातात पडतं. चेहऱ्यावर ते महिनोन्महिने चोळलं की कातडी पातळ होते, चेहरा कायमचा लाल दिसू लागतो.

नाशिकला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, एकेकीखाली एकेक संशयित पदार्थ. दोन दिवस पाठ भिजवायची नाही. पट्ट्या काढल्या तर हळदीखाली काही नाही. लाल रंगाखाली आणि सुगंधी द्रव्याखाली पुरळ. बाईंनी सांगितलं, ही ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूचीही अचानक होते, आणि एकदा जडली की सहसा जात नाही. म्हणजे ज्या जोरावर मी बायकांना गप्प करत होते, तो पुरावाच नव्हता.

सासूबाई हळदीला लिंबू आणि टाकणखार लावून घरी कुंकू करत. बाजारातल्या पुष्कळशा कुंकवाला लाली येते ती कृत्रिम रंगानं. टिकलीचं निराळंच, तिच्या चिकटीतल्या रसायनानं काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो.

आता कुंकू बंद आहे. उन्हात डाग गडद होतो म्हणून पदर पुढे ओढते. डाग फिका व्हायला महिने लागतात. श्रावणी सोमवारी पोरं अष्टगंधाची वाटी घेऊन त्रिपुंड्र ओढायला पुढे येतात, तेव्हा मी नको म्हणते. पूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर मीच नाक मुरडलं असतं.

सिंहस्थ तोंडावर आला आहे, लाखो कपाळांना गंध लागेल. गंध-कुंकू विकणाऱ्यांना माझी एवढीच विनंती: पुडीवर आत काय आहे ते लिहा.