रिपोर्टात न दिसणारं दुखणं

फायब्रोमायाल्जिया म्हणजे अंगभर फिरणारं आणि महिनोन्‌महिने मुक्काम ठोकणारं दुखणं. आज मान धरते, उद्या कंबर, परवा मांड्या. थकवा आणि मोडलेली झोप मात्र रोजची. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की ओला पंचा पिळवत नाही. परकराची नाडी काचते, लाडानं खांद्यावर पडलेला हातही दुखतो. कुकरची शिट्टी आणि उदबत्तीचा वास सोसवत नाही. बोलता बोलता नेहमीचा शब्द हरवतो, गॅसवर दूध ठेवल्याचं ध्यानात राहत नाही. साधारण २ ते ४ टक्के लोकांना हा आजार असतो आणि त्यांत स्त्रियाच जास्त असतात.

पंचाईत अशी की कुठल्याच रिपोर्टात तो सापडत नाही. रक्त तपासतात ते थायरॉइडचा बिघाड, बी-१२ची कमतरता, आमवात असं दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी. सगळं नॉर्मल आलं की घरात निकाल लागतो, ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत.’ निदान होतं ते रुग्णाच्या सांगण्यावरून. १९९०च्या निकषांत अंगावरचे १८ बिंदू दाबून पाहत आणि ११ दुखले तर आजार धरत. २०१०पासून दुखणाऱ्या जागा, थकवा, झोप आणि विसरभोळेपणा यांची बेरीज मांडतात. लक्षणं निदान ३ महिने टिकलेली असावी लागतात.

दुखणं खरं असल्याचा पुरावा मेंदूच्या चित्रणातून मिळाला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अंगठ्याच्या नखावर दाब देऊन मेंदूतली हालचाल टिपली गेली. रुग्णांना थोड्या दाबानं जेवढं दुखलं, तेवढं दुखायला निरोगी माणसांना जवळजवळ दुप्पट दाब द्यावा लागला. रेडिओचं बटण कुणीतरी पुढे फिरवून ठेवावं, तशी ही मज्जासंस्थेची गत असते. स्नायूंत जखम नसते. संदेश मोठ्यानं ऐकू येतो.

पाळी जाण्याच्या सुमाराला हा आवाज अनेकींमध्ये आणखी वाढतो. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते, पण इस्ट्रोजेनचा चढउतार त्याआधी काही वर्षं सुरू असतो. रात्री अंगातून वाफा निघतात, घामानं गाऊन ओला होतो, पंखा वाढवावा लागतो, पुन्हा थंडी वाजते. गाढ झोप अशी तुकड्यातुकड्यांनी मोडते. १९७५ साली कॅनडातल्या मोल्डॉफ्स्की यांनी निरोगी माणसांची गाढ झोप मुद्दाम मोडून पाहिली होती. काही रात्रींतच त्यांचं अंग दुखू लागलं आणि झोप नीट मिळाल्यावर ते दुखणं ओसरलं. प्रयोगशाळेत जे मुद्दाम केलं, ते या वयात घरोघरी आपोआप घडतं.

त्यात ताणाची भर पडते. मुलांची बोर्डाची परीक्षा, सासऱ्यांचं दवाखान्यात जाणं-येणं, ऑफिसातलं वर्षअखेरचं काम, सगळं याच वयात एकदम येतं. ताणानं झोप उडते, झोपेविना अंग ठणकतं आणि ठणक्याचाच नवा ताण होतो. हे चक्र कुठूनही तोडलं तरी उपयोग होतो.

पहिला उपाय व्यायामाचा. युरोपातल्या यूलार या संघटनेच्या २०१६च्या शिफारशींत ठाम पाठिंबा मिळाला तो एकट्या व्यायामालाच. तो दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरू करावा आणि हळूहळू वाढवावा. पोहणं, ताई ची, सोपी योगासनंही चालतात. बरं वाटलं म्हणून एकाच दिवशी माळा झाडून चकल्या तळायला बसणं महागात पडतं. पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. कामं वाटून, मध्ये थांबत केली तर आठवडा सरळ जातो. झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. दीर्घ श्वसन किंवा समुपदेशनानं ताण हलका होतो.

औषधांत अमिट्रिप्टिलीनचा छोटा डोस, ड्युलोक्सेटीन, प्रीगॅबालिन डॉक्टर देतात. त्यांचा गुण सगळ्यांनाच येतो असं नाही. स्टेरॉइडचा उपयोग नसतो. रजोनिवृत्तीची हार्मोन्स वाफा थांबवून झोप सुधारू शकतात, पण ती या आजारावरचं औषध नव्हेत. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील, तर ती सहसा देत नाहीत. म्हणून निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांनीच घ्यावा.

हा आजार सांधे झिजवत नाही, जिवावर बेतत नाही. पूर्ण जातोच असंही नाही, पण आटोक्यात राहतो. त्यासाठी घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात. घरातली बाई ‘दुखतंय’ म्हणाली की ते खरं मानावं आणि तिची रात्रीची झोप मोडणारं काम दुसऱ्या कुणीतरी उचलावं.