माळवदाखालचं घर

उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या शेतकरी वाड्यात उतरायचा योग आला, तर भर दुपारी अंगणातून माजघरात जाऊन पाहा. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत रांजणाजवळ बसल्यासारखा गारवा! ना पंखा, ना कूलर. ही किमया दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींची आणि डोक्यावरच्या माळवदाची.

औसा, निलंगा, उमरगा हा सगळा मुलूख काळ्या दगडाचा. पाऊस बेताचा, त्यामुळे कोकणासारखं उतरतं कौलारू छप्पर इथे लागत नाही. इथल्या माणसानं हाताशी होतं त्यातूनच घर उभारलं. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती खणांचं, यावरून त्याचा ऐवज समजायचा! कड्यांवर लाकडाच्या चिपा नि काटक्या, आणि वर पांढरी चिकण माती चोपून बसवलेली. पाणी वाहून जायला किंचित उतार नि कडेला पन्हळ. उजेड यावा, चुलीचा धूर जावा म्हणून छतातच एक भोक, त्याला म्हणायचं साणं. आणि वरची सपाट जागा? ती तर तुम्हाआम्हा बायकांचीच! कुरडया, मिरच्या, तुरीची डाळ, सारं वाळवण तिथे.

आपण याला घर म्हणतो खरं, पण ते शेतीचंच एक मोठं अवजार होतं. दरवाजातून आत आलं की ढाळज. आलागेला माणूस तिथे टेकायचा. पुढे अंगण, आणि एका बाजूला गोठा. बैल दावणीला, समोर गव्हाण. जनावर हीच घरची खरी दौलत, म्हणून ती भिंतीच्या आत, नजरेसमोर.

धान्याची सोय तर पाहण्यासारखी. माजघराशेजारी बळद असे, म्हणजे खिडकी नसलेली बंद कोठी. माळवदाच्या भोकातून वरून ज्वारी ओतायची आणि खालच्या लहानशा तोंडातून लागेल तशी काढायची. जास्तीचं धान्य जमिनीखालच्या पेवात. आतून कडबा लावून पेव भरायचं आणि तोंड मातीनं घट्ट लिंपायचं. कोंडलेलं धान्य आतला प्राणवायू वापरून टाकतं, कर्बवायू साठतो, आणि किड्यांना जगता येत नाही. ना पावडर, ना गोळ्या! पण तोच वायू माणसाचाही जीव घेतो. म्हणून पेव उघडलं की लगेच कोणी उतरायचं नाही. आधी आत दिवा सोडून बघायचा. तो विझला तर थांबायचं.

हे सारं टिकत होतं ते मात्र निगराणीवर. भिंती पोतारणं, जमीन सारवणं, माळवदावर उगवलेलं गवत उपटणं, यातलं बरंचसं काम बायकांचंच. आणि दर पावसाळ्याआधी गळतीवर उपाय एकच, वर मातीचा आणखी एक थर. आजीनं टाकला, सासूनं टाकला, सुनेनं टाकला. जुनी माती काढायची मात्र राहून जायची. किती माळवदं अशी दोन-दोन फूट जाड झाली!

मैत्रिणींनो, एक साधं गणित करा. दहा बाय दहा फुटांचा खण, वर दोन फूट माती, म्हणजे 200 घनफूट. घनफुटाला सुमारे 45 किलो धरले, तर झालेल्या अंथरुणांवर 9 टन वजन!

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला या वजनाची किंमत कळली. गणेश विसर्जन आटोपून माणसं नुकतीच झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे 8 हजार माणसं गेली. ज्या भिंती आणि जे छत उन्हापासून राखत होतं, त्यांनीच गाडून टाकलं. त्या जाड भिंती खरं तर दोन पातळ भिंती होत्या, मध्ये दगडगोट्यांचा नि चिखलाचा भराव. दोन्हींना जोडणारा आरपार दगड नसल्यानं त्या सुट्या होऊन फुटल्या.

पण पाहणी करणाऱ्यांना आणखीही एक गोष्ट दिसली. जिथे माळवदाचा भार भिंतींवर नसून चांगल्या लाकडी खणावर होता, तिथे भिंती ढासळूनही कितीतरी ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. म्हणजे जुनं ते सगळंच वाईट नव्हतं, आणि सगळंच सोनंही नव्हतं.

पुढे 52 गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, आखीव रांगा, सिमेंटची घरं. बाकी हजारो गावकऱ्यांनी आपली जुनी घरंच मजबूत करून घेतली. या कामात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेनं महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं. घर कसं पक्कं करायचं हे त्या गावात समजावून सांगू लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या घर सारवणाऱ्या हातांना त्याच्या बांधणीत बोलायची संधी मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुमच्या सासर-माहेरच्या गावीही असं घर असेल. या खेपेला तिथे गेलात, की वाळवणासाठी माळवदावर चढाल तेव्हा मातीचा थर किती जाड आहे ते बघा. वीतभरापेक्षा जास्त असेल, तर नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवून घ्यायला सांगा. गळतीसाठी खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरता येतो. भिंतीला कुठे पोट आलंय का, खांबांचे बुंधे वाळवीनं पोखरलेत का, तेही पाहा. जाणकाराला दाखवून भिंतीत आरपार जोड आणि खांब-तुळईच्या कोनात लाकडी तिरके आधार बसवता येतात. ही कामं एका हंगामात उरकण्यासारखी आहेत. घरातली पुरुषमंडळी 'बघू पुढच्या वर्षी' म्हणतील. त्यांना ते 9 टनांचं गणित करून दाखवा.