पांढरीतले दाणे

पुण्यात कुणी ‘गाव कोणतं?’ विचारलं आणि मी ‘जालना’ म्हटलं, की ठरलेली रिअ‍ॅक्शन येते, ‘अच्छा, स्टील... आणि दुष्काळ!’ मग मी हुकमी पान टाकते. भोकरदन!

इटलीतलं पाँपेई इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. 1938 मध्ये तिथे एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिची बहीण शोभेल अशी मूर्ती, भंगलेली का होईना, 1973 च्या उत्खननात आमच्या तालुक्याच्या गावी मिळाली. सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन ते हेच. सांचीच्या दानलेखांतही हे नाव आहे. एवढं ऐकलं, की समोरचा गप्प!

पण खरं सांगू? हल्ली मला त्या सुंदरीपेक्षा जुन्या मातीतल्या जळक्या दाण्यांचं जास्त अप्रूप वाटतं. दाणा कोळसा झाला, की कुजत नाही. माती पाण्यात कालवली, की तो तरंगून वर येतो. लोक काय पेरत, काय खात, ते त्यावरून कळतं.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. तिथल्या शेतकऱ्यांनी तीन हजार वर्षांपूर्वी बांध घालून, कालवा काढून पाणी साठवलं होतं. पुढे चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली आणि इ.स.पू. 700 च्या सुमारास गावच उठलं. हवामान कोरडं होत गेलं, हे त्यामागचं कारण म. के. ढवळीकरांनी मांडलं.

हे वाचताना मला आमची मोसंबीची बाग दिसते. 2012-13 च्या दुष्काळात टँकरवर जगवून जगवून शेवटी बाबांनी ती तोडली. आता फोनवर त्यांचा एकच प्रश्न असतो, ‘जमीन ठेवायची का विकायची? तू शिकलेली, तूच सांग.’

आमच्या गावाला लागून पांढरीचं टेकाड आहे. जुन्या वस्तीची ती राखट माती खत म्हणून चांगली, त्यामुळे दर उन्हाळ्यात ट्रॉल्या भरून शेतात जाते. आमच्या आधी इथे दुष्काळ कुणी, कसा काढला, याचा हिशेब त्याच मातीत असू शकतो. शेतात पसरली, की तो पुसलाच म्हणायचा. बाबांना हे सांगितलं, तर म्हणाले, ‘दाण्यांवरून एवढं कळतं व्हय?’

यंदा त्यांनी ट्रॉली नेली नाही. जमिनीचं मात्र अजून ठरायचंय.